आठ आण्यांचा कुत्रा

आपली दिवाळी वसुबारसेला सुरू होते. तिन्हीसांजेला सवाष्णी गाय-वासराला ओवाळतात, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी त्यांच्यापुढे ठेवतात. पोळ्याला बैलाचे कौतुक होते, नागपंचमीला साक्षात नागाचे होते. वर्षभर दाराशी जागता पहारा करणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र आपल्या पंचांगात एकही दिवस राखलेला नाही. शेजारच्या नेपाळात तो आहे. तिकडे तिहार सणाच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याला गोडधोड खाऊ घालतात. आपण दत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायाशी चार कुत्री रंगवतो, धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही कुत्र्याची साथ सोडली नाही ही कथा नातवंडांना डोळे पुसत सांगतो. आणि कथा सांगताना खरेच एखादे कुत्रे ओसरीवर चढले तर 'हाड' म्हणून वहाण उगारतो.

या दुटप्पीपणाला एक कारण आहे, आणि ते मी माझ्या पोटावर चौदा वेळा अनुभवले आहे.

पानशेतचे धरण फुटले त्या वर्षीची, म्हणजे १९६१ सालची ही गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आम्ही दोघे, मी आणि शेजारचा गुराखी मुलगा, ओढ्याच्या काठी किल्ल्यावरची उरलेली मातीची चित्रे मांडून खेळत होतो. एक तांबडे कुत्रे मान खाली घालून, लाळ गाळीत, सरळ रेषेत चालत आले. भुंकले नाही, थांबले नाही. जाता जाता त्याने माझी पोटरी धरली आणि मला सोडवायला पुढे झालेल्या त्या मुलाच्या मनगटाला कडकडून चावून ते पुढे गेले. संध्याकाळी गावाने त्याला काठ्यांनी मारले.

आजीने जखमेत तिखट भरले. कोणी म्हणाले, चुना लावा. कोणी म्हणाले, चावलेल्याच्या पोटात कुत्र्याची पिल्ले होतात. शाळेच्या मास्तरांनी मात्र आमच्या नानांना बाजूला घेऊन सांगितले, "उद्याची पहिली एस. टी. धरा." नानांनी उसने पैसे घेतले आणि मला जिल्ह्याच्या गावी नेले. एका आप्ताच्या घरी पथारी टाकून आम्ही चौदा दिवस राहिलो. रोज सकाळी दवाखान्याच्या बाकावर मला उताणे निजवीत आणि बेंबीच्या आजूबाजूला जाड सुई टोचीत. दहाव्या दिवसानंतर सुईला मोकळी जागा सापडेना.

शेजारचा मुलगा आला नाही. सुई फुकट होती. पण चौदा दिवस फुकट नव्हते. त्याचा बाप रोजंदारीवर जाणारा. एवढे दिवस रोजगार बुडवून परगावी राहायचे कुठे आणि खायचे काय? त्यांनी मांत्रिकाकडून दोरा आणला. मनगटाची जखम भरून आली, तो पुन्हा गुरांमागे जाऊ लागला, आणि त्याच्या आईने दोरा आणणाऱ्याला नारळ दिला. माघात एके दिवशी त्याने पाणी मागितले. आईने तांब्या पुढे केला आणि तांब्या पाहताच त्याचा गळा आवळून आला. तिसऱ्या दिवशी तो गेला. शेवटपर्यंत तो शुद्धीवर येऊन येऊन पाणीच मागत होता, असे त्याची आई पुढे कित्येक वर्षे सांगे.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. या मरणाची किंमत किती होती, आणि ती कोणी, कुठे भरली असती तर ते टळले असते? त्याचे उत्तर शोधताना मी जुन्या इतिहासात शिरलो. तो इतिहास मोठा विलक्षण निघाला.

हा रोग आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन आहे. त्याचे शेपूट, जबडा आणि खांदे गळालेले असतात, तोंडातून लाळ गळते, आणि तो आंधळ्या-बहिऱ्यासारखा धावत सुटतो. त्या ओढ्याकाठी मी पाहिलेले कुत्रे याहून वेगळे नव्हते. दंश झालेला माणूस पाण्याला भिऊ लागला की तो वाचत नाही, हेही सुश्रुताने स्पष्ट सांगितले आहे. त्या लक्षणालाच जलत्रास म्हटले. सुश्रुताचा उपाय असा की, दंशाच्या जागचे रक्त काढावे आणि तापलेल्या तुपाने ती जागा डागावी. विष आत शिरण्यापूर्वी जागच्या जागी मारावे, हा त्यातला विचार अगदी खरा होता. पुढच्या कित्येक शतकांत त्यात फारशी भर पडली नाही.

आता आपण मुंबईस येऊ. साल १८३२. कंपनी सरकारचा अंमल. शहरात भटकी कुत्री फार झालेली आणि ती पिसाळण्याची भीती. उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम आधीपासून होता आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. आठ आणे म्हणजे त्या काळी लहान रक्कम नव्हे! पोलिसांचे शिपाई लोभाला पडले. रस्त्यावरचे कुत्रे सापडले नाही तर घरच्या अंगणातले पाळीव कुत्रे धरू लागले.

६ जून हा दिवस पारशी समाजाच्या दृष्टीने पवित्र होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. माणूस मेला म्हणजे त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. तो विधी 'सगदीद' या नावाने ओळखला जातो. अशा लोकांच्या डोळ्यांदेखत, सणाच्या दिवशी, कोटात कुत्री मारली जाऊ लागली तेव्हा जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. हिंदू, जैन आणि इतर व्यापारीही पारशांना मिळाले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला जाणारे पाव-मांस लोकांनी अडवले, दंडाधिकाऱ्याच्या गाडीवर मेलेले उंदीर आणि कचरा फेकला. शेवटी लष्कर बोलवावे लागले, धरपकड झाली. मग शेटजी मंडळींनी सरकारकडे रदबदली केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असा तोडगा निघाला. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि अमिचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. भुलेश्वराच्या गजबजाटात तो आजही आहे. तिथे आज आपल्याला गाई दिसतात, पण त्याच्या जन्माच्या वेळी प्रश्न कुत्र्यांचा होता हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

या दंग्यात एक पक्ष म्हणत होता, कुत्री मारा. दुसरा म्हणत होता, कुत्री वाचवा. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर होते, आणि दोघांपैकी कोणाच्याही हाती रोगावर उपाय नव्हता. कुत्री मारून पिसाळ हटत नाही, हे आज आपल्याला कळते. एका आळीतली कुत्री संपली की उकिरडा तसाच राहतो, आणि शेजारच्या आळीतली कुत्री त्या रिकाम्या जागेत येतात. उरलेल्यांना भरपूर पिल्ले होतात. सरकारचे आठ आणे जातात आणि रोग तिथेच राहतो.

खरा उपाय निघाला तो पॅरिसमध्ये. ६ जुलै १८८५ या दिवशी लुई पाश्चर यांच्या दाराशी आल्सेसमधली एक आई आपल्या मुलाला घेऊन उभी राहिली. मुलाचे नाव जोसेफ माइस्टर, वय वर्षे नऊ. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला ठिकठिकाणी फाडले होते. पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांनी सशाच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू वाळवून रोगाचे बीज दुबळे केले होते, पण माणसावर त्याचा गुण अजून सिद्ध झाला नव्हता. डॉ. ग्रांशे यांनी सुई हाती घेतली. दहा-अकरा दिवसांत तेरा वेळा टोचले, आणि मुलगा जगला.

हे साधले कसे? या रोगाचा विषाणू रक्तातून धावत नाही. तो जखमेजवळच्या मज्जातंतूतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा महिना ते तीन महिने लागतात. तेवढ्या अवधीत लस टोचली तर शरीर आपले सैन्य उभारते आणि शत्रूला वाटेतच गाठते. तो मेंदूत पोचला की मग जगातल्या कोणत्याही डॉक्टराचा इलाज जवळजवळ चालत नाही. माझ्या सोबत्याची जखम भरून आली आणि तो गुरांमागे फिरू लागला, तो काळ म्हणजे हा प्रवास होता. दोरा लागू पडला असे वाटते ते याचमुळे!

पाश्चरची लस हिंदुस्थानात यायला पंधरा वर्षे लागली. १९०० साली सिमल्याजवळच्या कसौलीला पाश्चर संस्था निघाली, १९०७ साली निलगिरीतल्या कुन्नूरला दुसरी. तोवर ज्याच्यापाशी पैसा तो पॅरिसला जाई; बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्नच नव्हता. कसौलीचे पहिले संचालक डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस केली आणि तिच्यातले विष फिनॉल घालून मारले. ती बाटलीत भरून गावोगाव पाठवता येई. रोग्याला डोंगर चढून संस्थेकडे जावे लागत होते, त्याऐवजी लस रोग्याकडे येऊ लागली. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही पुढे ती तयार होऊ लागली. माझ्या पोटात गेली ती हीच, मेंढीच्या मेंदूची. तिने लाखो जीव वाचवले. मात्र मेंढीच्या मेंदूचे अंश तिच्यात असल्याने क्वचित कोणाचे हातपाय लुळे पडत. म्हणून तर नाना रोज संध्याकाळी मला अंगणात पळायला लावीत आणि टक लावून माझ्या पायांकडे पाहत. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. आपल्या देशात ही लस २००४-०५ च्या सुमारास कायमची बंद झाली.

आज पोटात सुया नाहीत. पेशींच्या संवर्धनातून केलेली शुद्ध लस दंडात देतात, चार-पाच वेळा. ती महाग, म्हणून बँकॉकच्या थाई रेड क्रॉसच्या डॉक्टरांनी युक्ती काढली. स्नायूत पूर्ण मात्रा देण्याऐवजी कातडीच्या पापुद्र्यात दोन जागी एक दशांश मिलिलिटर टोचायची. कातडीत शरीराचे पहारेकरी दाटीने असतात, त्यांना तेवढी सूचना पुरते. पाच कुप्यांच्या जागी चार खेपांना मिळून एक मिलिलिटरही लागत नाही. आपल्याकडे २००६ पासून ही पद्धत मान्य झाली. तिला अट एवढीच की, कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून जिथे रोगी पुष्कळ येतात तिथेच ती परवडते. दुसरी काटकसर सिमल्याच्या डॉ. ओमेश भारती यांनी दाखवली. खोल जखमेला लसीबरोबर महागडे सीरमही द्यावे लागते. त्यातले थोडे जखमेत आणि बरेचसे दूरच्या स्नायूत जात असे. भारतींनी ते फक्त जखमेतच भरले. थोड्या थेंबांत काम भागले, आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीच शिफारस केली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि सर्वांत स्वस्त औषध घराघरांत न्हाणीच्या कोनाड्यात पडलेले असते. साबण! या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते, ते साबणाने फाटते. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि मग दवाखाना गाठावा. माझ्या आजीने तिखटाऐवजी साबण घेतला असता, तर सुश्रुताचेच काम तिने तापल्या तुपावाचून केले असते.

इतके सगळे असूनही माणसे मरतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, आपल्या देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक कुत्रे. आणि या रोगाने दर वर्षी सुमारे ५,७०० माणसे जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज तर अठरा-वीस हजारांचा होता. त्या पाहणीत कुत्रा चावलेल्यांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्शाने लस मुळीच घेतली नव्हती. तेव्हा साठाहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या दोऱ्याला हसण्याचा अधिकार आपल्याला अजून पुरता आलेला नाही.

येथवर आपण माणसाचा आणि कुत्र्याचा विचार केला. या कथेत तिसरे एक पात्र आहे आणि ते आभाळात असते. असे म्हणण्यापेक्षा, असे.

आमच्या गावाबाहेर ढोर मेले की तासा-दोन तासांत गिधाडांचे घेर उतरत आणि संध्याकाळपर्यंत पांढरी हाडे उरत. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एक या हिशेबाने उरली. कारण २००४ साली उघडकीस आले. गुरांची सूज-दुखणे कमी करण्यासाठी डायक्लोफेनॅक नावाचे स्वस्त औषध देत. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली सरकारने गुरांसाठी ते बंद केले, पण गिधाड वर्षाला एकच अंडे घालते, ते लवकर कसे परतणार?

मग ती मेलेली ढोरे कोणी खाल्ली? कुत्र्यांनी. २००८ साली अर्थशास्त्रज्ञांनी या नुकसानीचा हिशेब मांडला. गिधाडे गेल्यामुळे देशात सुमारे पंचावन्न लाख कुत्री वाढली, आणि १९९२ ते २००६ या काळात या रोगाचे सुमारे ४८ हजार जादा बळी पडले, असा त्यांचा अंदाज निघाला. गाईच्या दुखण्यावरचे चार पैशांचे औषध, त्याचे देणे कुठे फिटले पाहा! आणि दैवाचा खेळ असा की, ज्या पारशी समाजाने १८३२ साली कुत्र्यासाठी मुंबई बंद पाडली, त्याच्या डुंगरवाडीवरही गिधाडे उतरेनाशी झाली. दोनशे वर्षांपूर्वी त्यांना कुत्रा आणि गिधाड हे दोन्ही माणसाचे सोबती वाटत होते; आपल्याला ते आकडेमोड करून कळले.

तर माझ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या खात्यात आहे? माणसाच्या दवाखान्यात तर हवेच. पण तिथे आपण नेहमी एक दंश उशिरा पोचतो. उत्तर आपल्या शेजारी गोव्याने दिले. तिथे २०१३ पासून सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून कुत्र्यांनाच लस टोचायला घेतले. पथके जाळी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरत, कुत्रा धरून टोचत, डोक्यावर रंगाचा ठिपका लावून सोडून देत, आणि कोणती गल्ली झाली, कोणती राहिली हे मोबाइल फोनवरच्या नकाशात नोंदवीत. वर्षाला पंचाण्णव हजारांवर कुत्री आणि दीड लाख शाळकरी मुलांना धडे. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की पुरे होते, कारण पिसाळलेला कुत्रा मरण्यापूर्वी सरासरीने एक-दोनच कुत्र्यांना रोग देतो. त्याच्या वाटेत लस घेतलेली कुत्री उभी राहिली की साखळी तुटते. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रोग ९२ टक्क्यांनी घटला. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत गोव्यात या रोगाने एकही माणूस दगावला नाही. हिशेबनिसांनी खर्च मांडला, तर निरोगी आयुष्याचे एक वर्ष सुमारे ५२६ डॉलरांत वाचले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने तो अत्यंत किफायतशीर ठरला. मेक्सिको देशाने वर्षानुवर्षे हेच केले, आणि कुत्र्यापासून होणारे हे मरण हद्दपार केल्याचा जागतिक दाखला २०१९ साली पहिल्याप्रथम त्यालाच मिळाला.

म्हणजे १८३२ साली जे आठ आणे कुत्रा मारायला दिले जात होते, ते त्याला टोचायला द्यायचे, एवढाच फरक! ही लस त्या काळी नव्हती, म्हणून त्यांना क्षमा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतली सारी भटकी कुत्री उचला असा हुकूम सर्वोच्च न्यायालयात झाला, देशभर दोन तट पडले, आणि दहा-बारा दिवसांत लस टोचून व निर्बीज करून, पिसाळलेली व हिंस्र वगळता, बाकीची जागच्या जागी सोडा असा बदल झाला. मला १८३२ चा जून आठवला. मारा की वाचवा, हेच भांडण! त्या भांडणात रस्त्यावरचा कचरा कोणी उचलायचा, आणि त्या सत्तर कुत्र्यांना कोणी टोचायचे, हे विचारायचे राहून जाते.

गेल्या वर्षी आमच्या आळीने गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत आळीतल्या अकरा कुत्र्यांना लस टोचून घेतली. पशुवैद्य आले, पोरांनी कुत्र्यांना बिस्किटे दाखवून धरले, तासाभरात काम झाले. शेवटचे कुत्रे तांबडे होते. माझी नात त्याला थोपटत होती. मी थोडा लांबच उभा होतो. पोटरीवरचा व्रण अजून आहे.

यंदा वसुबारसेला आमच्या घरी गाय नाही. आळीतल्या मुलांनी अकरा भाकऱ्या करायला सांगितल्या आहेत. ओवाळणीचे तबक कोणाकडे न्यायचे ते मी विचारलेले नाही.